घोट्यातला ठोका

शहाण्णव साली मी कळव्यात फिजिओथेरपी करायचे. ठाण्याचे एक सर्जन जपानला जाऊन आलेले. तिकडची एक रीत त्यांनी मला शिकवली. मांडीला रक्तदाबाचा रुंद पट्टा बांधायचा, रक्ताचा ओघ थोडा अडवायचा आणि हलकाच व्यायाम करवून घ्यायचा. ऑपरेशननंतर ज्यांना वजन उचलवत नाही, अशांचा स्नायूही त्यानं भरून येतो. मात्र पट्टा वेळेत सोडायचाच.

गुणाजी कोळी त्यांचाच पेशंट. खाडीत होडी उलटली, त्यात त्याचा गुडघा निखळला आणि धाकटा भाऊ दामाजी बुडाला. बुडताना दामाजीनं गुणाजीचाच पाय धरला होता.

"मंग त्यानंच सोरला," गुणाजी सांगायचा. "मी बी बुडंन म्हनून."

मी दुपारची त्याच्या घरी जायचे. ओहोटी लागलेली असायची, दारातून चिखलाचा आणि सुकटीचा वास यायचा. पहिल्या दिवशी पट्ट्यात हवा भरली. त्यानं पाय थोडा वर-खाली केला आणि थांबला.

"बाय, जरा अजून आवला."

"दुखत नाही का?"

"नाय... तो आलाय. घोट्याला धरलाय."

मी हवा सोडली. पायाला मुंग्या आल्या असतील, असं मनाला समजावलं. मांडी भरत होती, म्हणून उपचार थांबवले नाहीत. रोज तो आणखी आवळायला सांगायचा, रोज मी नाही म्हणायचे.

एका दुपारी त्याची बायको सगुणा दाराबाहेरच उभी होती. "बोलत बसलेत," ती हळूच म्हणाली. "कुनाशी, ते तुमीच बगा."

आत अंधुक होतं. गुणाजीनं जाळ्याची दोरी मांडीला बांधून, काठी घालून पिळली होती. पाय काळानिळा. तो पायाकडे बघून हलक्या आवाजात काही सांगत होता. सवयीनं मी त्याच्या घोट्याची नाडी बघितली. इतक्या घट्ट दोरीखाली ती लागायला नको होती. लागली. संथ, भरलेली. दुसऱ्या हातानं त्याचं मनगट धरलं, तर तिथली धावत होती.

"गुणाजी, दोरी कापते मी."

"नको... तो परत जाईल."

सगुणानं कोयता माझ्या हातात दिला. "जाऊ दे त्याला," ती नवऱ्याला म्हणाली. "मना तुमी पायजे."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मी दोरी कापली.

रक्त उतरलं, बोटं लाल झाली. मी दोन्ही नाड्या धरून बसले होते. घोट्यातला ठोका बदलला नाही. मनगटातलाच हळूहळू मंदावला आणि त्याच्याशी जुळला.

गुणाजी पुढे चालायला लागला, पुन्हा होडीवर गेला. कधी माझ्याकडे जिने चढून येतो, घामानं डबडबलेला, धापा टाकत. मी मनगट धरते. नाडी निजलेल्या माणसासारखी संथ असते.

सगुणाला मी हे सांगितलेलं नाही.