गुरुवारची लांबची वाट

"चारू गो… पाट सोडलाय! बघ, पानी कुटं पोचलं!"

चिंचणीच्या वाडीत सकाळी सकाळी बाबांची, म्हणजे नरहरींची, ही हाक यायची आणि सहा वर्षांची चारुता पाटातल्या पाण्याबरोबर अनवाणी धावत सुटायची. आधी पानवेली, मग केळी, मग शेवटचा चिकू. पाणी पोचलं की ओरडून सांगायचं, एवढंच काम. पण ते काम दुसऱ्या कुणाला देऊ केलं तर ती रडायची.

आता ती अठ्ठावीस वर्षांची होती. बोईसरला रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होती, सहा दिवस बाटलीत भरून आलेलं पाणी तपासायची. सातवा दिवस गुरुवार. त्या दिवशी भाड्याच्या खोलीतून कॅमेरा, तिपाई आणि मोठी छत्री काढायची, स्कूटीला बांधायची आणि डोंगराकडे निघायची… जिथे पाणी धावत असेल तिथे.

जूनच्या शेवटच्या गुरुवारी ती सूर्या नदीच्या एका लहानशा पुलाखाली उतरली. पुलाच्या खांबावर पांढरी पट्टी होती आणि पट्टीवर काळे आकडे. तिने तिपाई रोवली, कॅमेऱ्यावर छत्री धरली आणि डोळा लावला.

"मॅडम, जरा सरका. नदी बघायचीय."

मागे एक उंच, सावळा तरुण उभा होता. अंगात खाकी रेनकोट, हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही, कानावर पेन्सिल.

"मीपण नदीच बघतेय," ती म्हणाली. "मोठी आहे, दोघांना पुरेल."

"तुमी नुसती बघता. मला लिहायला लागते." त्याने घड्याळ पाहिलं. "आठला दोन मिनिटं कमी हायत आणि तुमची छत्री माझ्या आकड्यांवर हाय."

खरंच होती. ती सरकली. तो पाण्याशी वाकला, लाट बसेपर्यंत थांबला, मग दोन पूर्णांक चार लिहून वही मिटली. आणि गेला नाही.

"तुमाला काय मिळालं?"

तिने पडद्यावरचा फोटो दाखवला. पट्टी, खडक, झाडं अगदी स्वच्छ. मधून वाहणारी नदी मात्र पांढरी, धुक्यासारखी पसरलेली.

"हे दूध कुणी ओतलं?"

"शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की वाहतं पाणी असंच येतं."

"म्हणजे जे थांबलंय तेवढंच नीट दिसतं?" तो हसला. "बरं झालं, मी थांबलो."

त्याचं नाव हितेश. नदीची पातळी मोजायचं काम. सकाळी आठला, दुपारी एकला, संध्याकाळी सहाला. मधल्या वेळेत शेत. पाड्याच्या वर एक धबधबा आहे, नाव-बिव काही नाही त्याला, हवा तर दाखवतो, असं तो म्हणाला.

"पाड्यावर कोण कोण असतं?" चारुताने सरळ विचारलं.

"आई, भिकादादा, कमळीवहिनी, नि सहा कोंबड्या. माझी चौकशी कोंबड्यांकडं करू नका, त्यांचं माझ्याशी पटत नाय."

ती हसली. तरी खोलीतल्या मैत्रिणीला, भाविकाला, त्याचं नाव आणि नंबर पाठवला आणि मगच पाऊल उचललं.

वाट सागाच्या रानातून होती, टेकडीच्या पाठीमागून, मग एका ओढ्यातून. दीड तास लागला. हितेश पुढे चालून फांद्या बाजूला धरायचा आणि ती वाकून गेली की हलकेच सोडायचा… अंगावर थेंबांची सर यायची आणि तो दुसरीकडेच बघत असायचा. पोचेपर्यंत ढग फाटले होते. ऊन थेट कातळावर आलं होतं, फोटो पांढराफटक आला.

"सकाळचा उजेड हवा," ती म्हणाली. "तिरपा."

"मग परत या," तो म्हणाला.

संध्याकाळी खोलीवर तिने फोन उघडला. कुठला फोटो कुठे काढला ते लक्षात राहावं म्हणून ती चालताना फोनवर वाटेची नोंद चालूच ठेवायची. नकाशावर निळी रेघ पुलापासून निघाली होती, अख्ख्या टेकडीला वळसा घालून, मजेत फिरून, धबधब्यापाशी, म्हणजे पुलाजवळच, येऊन थांबली होती. धबधबा आणि पूल यांच्यात जेमतेम अर्धा किलोमीटर.

तिने नकाशा मोठा करून पुन्हा पाहिला. वाट चुकला म्हणावं, तर माणूस तिथेच जन्मलेला.

पुढच्या गुरुवारी विचारायचंच, असं ठरवून ती गेली. तो बांबूची काठी घेऊन उभा होता. तिच्या उंचीची, हाताला लागू नये म्हणून गाठी घासलेली.

"अंदाजानं तोडलीय. पाणी मोजून मोजून डोळा बसलाय माझा."

काठी घेण्यात विचारायचं राहिलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही राहिलं. तोवर ती त्याला नुसतं हितेश म्हणू लागली होती, तो मात्र तुमी-तुमीच करायचा.

चौथ्या गुरुवारी चालता चालता तिने सांगितलं, "मला कारखान्यातून गुजरातेत, दहेजला पाठवतायत. वरची जागा आहे, राहायला क्वार्टर. पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता उत्तर द्यायचंय."

तो ओढ्यातल्या दगडावर जाऊन उभा राहिला. तिथून त्याने हात पुढे केला.

"चांगलंच हाय," मग म्हणाला. "तिकडं धबधबे हायत?"

"नाहीत. खाडी आहे."

"मग खाडी काढा."

तिला तो हात झटकावासा वाटला. पण दगड निसरडा होता.

तो आठवडा तिचा वाईट गेला. बढती सोडायची, तीही कुणासाठी? खाडी काढा म्हणणाऱ्यासाठी? आणि त्याच्या तोंडून एक शब्द न ऐकता जायचं, तर तेही जमेना. येता गुरुवार हाच शेवटचा होता, दुसऱ्या दिवशी अकरा वाजणार होते.

त्या सकाळी पट्टीवर चार पूर्णांक एक. हितेश वर आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता.

"आज नेहमीच्या वाटेनं नाय जायचं. नदी चारच्या वर गेली की मागच्या ओढ्याला छातीभर पाणी असतं."

"मग परत जाऊ?"

त्याने पेन्सिलीने कान खाजवला. दुसरं काहीही तो बनवून सांगू शकला असता, पण पाण्याबद्दल खोटं त्याच्याच्याने बोलवेना.

"एक… दुसरी वाट हाय. शेतावरून."

"हो का? आहे का दुसरी?" चारुताने चेहरा कोरा ठेवला.

शेतात आवणी चालली होती. गुडघाभर चिखलात सहा-सात बाया वाकून भाताची रोपं लावत होत्या. आवणीच्या दिवसांत बांधावरून जाणाऱ्याने मूठभर रोप लावल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आणि त्याचं लावून होईपर्यंत बाया त्याच्यावर जागच्या जागी गाणं रचणार. चारुता सलवार खोचून चिखलात उतरली. हितेश दूरच्या कोपऱ्यात जाऊन वाकला, पण तेवढ्याने सुटका नव्हती. कमळीने सूर धरला:

"जवळची गं वाट, ह्याला लांबून दिसली,
नदी मोजता मोजता, बाय नजरेत बसली…"

बाकीच्यांनी ओळ उचलली आणि हसण्याने अर्धी बुडवली.

"वहिनी, गप ना!"

"मी कुटं बोलतेय? गाणं बोलतंय." कमळीने चारुताकडे मान वळवली. "किती गुरुवार चालवलं गो बाय तुला? धबधबा तर या बांधाच्या मागं हाय. मी घरून तिथं भाकर नेते, पोचेतोवर ती गरमच असते."

हितेशचे कान लाल झाले होते. रोपं त्याने भलत्याच रांगेत लावली होती. चारुताने आपली मूठ संपवली, हात धुतले आणि बांधावर चढली.

सात मिनिटांत धबधबा आला. नऊही वाजले नव्हते. उजेड तिरपा होता, ओल्या शेवाळावर सरकत होता, तुषारांत अडकत होता. महिनाभर जो मागितला तोच.

"घ्या ना फोटो," हितेश जमिनीकडे बघत म्हणाला. "उजेड जाईल."

तिने तिपाई न उघडता कातळावर आडवी ठेवली. "आधी सांग. लांबून का नेलंस?"

"ती वाट… सावलीची हाय."

"पावसाळ्यात सावली?"

"जळवा कमी असतात."

"मागच्या खेपेला माझ्या पायावरच्या तीन तूच काढल्यास."

तो पाण्याच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "जवळून आणलं असतं तर नऊला फोटो झाला असता. साडेनऊला तुमी स्कूटीवर. मग मी एक वाजेपर्यंत काय केलं असतं?… तुमचा उजेड चोरला मी. चार गुरुवार. वाईट केलं."

"मला माहीत होतं."

"काय?"

तिने फोन पुढे केला. टेकडीभोवती फिरलेल्या चार निळ्या रेघा. "पहिल्याच संध्याकाळी कळलं."

त्याने एकेका रेघेवरून बोट फिरवलं. "मग बोलल्या का नाय?"

थट्टेचं उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. तिने ते गिळलं.

"बोलले असते तर तू पुढच्या गुरुवारी जवळून आणलं असतंस," ती म्हणाली. "उद्या अकरा वाजता मी दहेजला नाही म्हणणार आहे. वरची जागा इथेही मिळेल, वर्षभर उशिरा. बाबांशी काय बोलायचं ते मी बघेन. तू 'थांब' म्हणशील म्हणून आठवडाभर थांबले, आता नाही थांबत… मला तू आवडतोस, हितेश. मला इथे, तुझ्याबरोबर राहायचंय."