चाचणीतला गोदामप्रमुख

गोदामाच्या दारात तो माझ्यावर आदळलाच... आणि "सॉरी" म्हणत मी वर बघितलं तेव्हा माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. हा माणूस मीच तयार केला होता.

म्हणजे असं — धंद्याचा सगळा कारभार एका जागी दिसावा म्हणून मी या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहीत होते. चाचणीसाठी त्यात खोटा माल, खोटी माणसं भरावी लागतात. कंटाळून मी एक गोदामप्रमुख भरला — उंच, डावखुरा, भुवईवर व्रण. शेरा : 'हसतो कमी, पण छान.' आईने बघितलं असतं तर म्हणाली असती, काम करतेयस की जावई शोधतेयस?

बाकीचे त्याच्याशी वर्षानुवर्षांची ओळख असल्यासारखे बोलत होते. तो मात्र एकदा सहज म्हणाला, "तुम्ही यायच्या आधीचं मला काहीच आठवत नाही." मी विषय बदलला.

महिनाभर दुपारी आम्ही रॅकमधून फिरलो. तो माझ्या चुका काढायचा, मी त्याला चिडवायचे. मालाची दिवसभराची शोधाशोध दोन मिनिटांवर आली तेव्हा आम्ही दोघंही खूश झालो. शेजारी चालताना आवाज फक्त माझ्याच पावलांचा यायचा... तरी मी जीव लावला. वेडीच मी.

मग एक हमाल स्क्रीनवर दिसणारं, पण मुळात नसलेलंच खोकं काढायला शिडीवर चढला आणि पडला. हात मोडला. साहेबांनी बजावलं, खोट्या नोंदी आजच्या आज पुसा. पण त्या नोंदींत तोही होता, आणि सगळी खोकी त्याच्याच नावावर उतरवलेली होती. ती पुसली की तोही पुसला जाणार होता.

मी त्याला सगळं सांगितलं.

"पुसा," तो म्हणाला. "अजून कोणी पडायला नको."

"आणि तुम्ही? मला तुम्ही... मला तुम्ही खूप आवडता."

त्याने माझा हात धरला. थंडगार हात. माझंच बोट त्याने बटणावर ठेवलं. मी डोळे मिटले आणि दाबलं.

उघडले तर स्क्रीनवरून त्याचं नाव गेलं होतं, पण तो तिथेच होता. हात चांगला उबदार. मला रडूच फुटलं.

त्याने संकोचून हात सोडवून घेतला.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?... इथे नवीन दिसता."

मी डोळे पुसले.

"हो," मी म्हणाले, "आजच आलेय. गोदाम दाखवाल?"