दहा किलो बटाट्यांना लागणारा वेळ

मागच्या दाराने आत शिरले, ही चूक माझीच. हॉटेलचं पुढचं दार बंद होतं म्हणून वळसा घातला, तर आतल्या माणसाने मान वर न करताच सोलणी माझ्या हातात ठेवली.

"उशीर केलास. हात धू आणि बस. साल पातळ निघाली पाहिजे."

मी हात धुतले, बसले. तिसरा बटाटा सोलून झाल्यावर म्हणाले, "मी खर्च मोजायला आलेय. मालकीणबाईंनी बोलावलंय."

आता त्याने पाहिलं. कोपरापर्यंत ओले हात, आणि कानावर सालीचा एक तुकडा चिकटलेला... "मग तीन बटाटे का सोललेत?"

"साल किती जाड निघते ते बघायचं होतं."

"आणि?"

"माझी तुमच्यापेक्षा पातळ निघाली."

तो हसला. तो तुकडा काढावा की सांगावा, मला ठरवता येईना.

मालकीण त्याची आत्या. तिचा प्रश्न सरळ होता – फ्रेंच फ्राइज इथेच करायच्या, की गोठवलेली तयार पाकिटं घ्यायची? "भाचा आहे म्हणून बटाटा स्वस्त होत नाही," ती म्हणाली. "शुक्रवारपर्यंत आकडा दे. महाग पडलं तर पाकिटं आणायची." आणि त्याने तर या फ्राइज आठ महिने खपून जमवल्या होत्या, थंड पाण्यात भिजवून, दोनदा तळून.

बटाटा, तेल, गॅस सगळं काट्यावर मोजता आलं. उरला वेळ. दहा किलो बटाटे सोलून कापायला पस्तीस मिनिटं किंवा कमी लागली तर इथेच करणं स्वस्त. जास्त लागली की पाकीट स्वस्त. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं.

सोमवारी लागली बावन्न मिनिटं. मंगळवारी चोपन्न.

"तुम्ही कधी घाई करत नाही?"

"हा बघा," त्याने एक लांब तुकडा उजेडात धरला. "अगदी सरळ. तुमच्यासारखा."

"मी सरळ नाही, काटेकोर आहे."

"फरक काय?"

"सरळ माणूस दुसऱ्याला मोजत बसत नाही."

"मोजा की... मी कुठे नको म्हणतोय?"

बुधवारी एकोणपन्नास. गुरुवारी सत्तावन्न. त्याच्या विरुद्ध जाणारा आकडा रोज माझ्याच अक्षरात उतरत होता – आणि तरीही मी उद्याच्या सकाळची वाट बघत होते.

शुक्रवारी ऑफिसात अडकले. भांडी घासणाऱ्या मावशींना फोन करून वेळ टिपायला सांगितली. दुपारी पोचले तर भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, एकोणतीस.

"मावशी, घड्याळ नीट बघितलंत ना?"

"घड्याळही बघितलं, आणि चार दिवस तुम्हा दोघांनाही बघितलं." त्यांनी कढई पालथी घातली. "तू नसलीस की त्याचे हात चालतात. असलीस की तोंड."

एकाच मोजमापावर विसंबायची मला सवय नाही. संध्याकाळचे दहा किलो मी कोठीच्या दारामागे उभी राहून मोजले. एकतीस मिनिटं.

अहवालात लिहिलं, 'पहिली चार मोजमापं बाद. कारण – मोजणारी समोर उभी होती.'

आत्याने चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. "म्हणजे फ्राइज महाग नाहीत. तू महाग आहेस."

"हो. पाकिटं नकोत. फक्त मला सकाळी आत घेऊ नका."

तो मागच्या दारापाशी होता. आत्याचा आवाज तिथवर पोचला असणारच.

"पस्तीसचं तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले. "आठ महिन्यांचं काम घालवून बसला असतात."

"माहीत होतं." त्याने हात पुसले, अगदी सावकाश. "पण बटाटे संपले, की तू निघून जायचीस..."

मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. "उद्या येईन. तुझं काम आटोपल्यावर."

"किती वेळ थांबशील?"

मी हात वर केला आणि त्याच्या कानावरची साल काढली. आजची वेगळी होती, पण मला ती सोमवारपासून काढायची होती.