मास्तरांची वीट

मोबाईल खाली ठेवा आधी. ठेवले? आणि त्या धाकटीला मध्ये घ्या, नाहीतर रात्री दिवा लावायला मलाच उठवेल. ही गोष्ट माझ्या साडूची. म्हणजे तुमच्या काकूच्या बहिणीच्या नवऱ्याची. थापाच मारायच्या असत्या तर मी स्वतःवर बेतलेली सांगितली असती, साडूला कशाला मोठेपणा देऊ?

गेल्या नोव्हेंबरची चौदा तारीख, शुक्रवार. संध्याकाळी सात वाजता साडू ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन एका गॅरेजवर गेला. काम साधं होतं. साठ वर्षं जुनी, लांबलचक मोटार. दोन्ही अंगांना क्रोमची पट्टी, पट्टीत बारीक खाचा, आणि त्या खाचांतला काळा रंग उडालेला. तो पुन्हा भरायचा. रविवारी जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि मालकाला पहिलं बक्षीस हवं होतं.

डावी बाजू झालेली होती. मास्तरांनी केली होती. मास्तर म्हणजे रंगाऱ्यांतला बाप माणूस, साडू त्यांच्याच हाताखाली शिकला. ऑगस्टमध्ये ते याच गॅरेजमध्ये, हेच काम करताना गेले. "हार्ट अटॅक," मालक म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. वय झालं होतं, कोण कशाला खोलात जातो?

आता हे काम कसं करतात ते ऐका, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. खाचेत रंग भरला की तो बाजूच्या क्रोमवरही पसरतो. वीसच मिनिटं थांबायचं, जास्त झालं तर रंग पक्का बसतो. मग लाकडाच्या सपाट ठोकळ्यावर कापड ताणून, थिनरमध्ये जेमतेम ओलवून, एकाच दिशेने हात फिरवायचा. वरचा रंग निघतो, खाचेतला राहतो. धूळ बसली की मेहनत वाया, म्हणून खिडक्यांना पत्रे ठोकलेले आणि पंखा बंद. पण मास्तर दारात एक वीट ठेवायचे. दार हातभर उघडं आणि फटीवर ओलं फडकं. म्हणायचे, "धूळ बसली तर पुन्हा रंगवू रे. माझाच श्वास कोंडला तर कोण रंगवेल?" रंग वाळला का ते डाव्या अंगठ्याने बघायची त्यांना सवय होती. त्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याची आडवी चीर होती.

साडूला ती वीट दिसली. वर, छताजवळच्या फळीवर. रंगाचे ठिपके पडलेली, म्हणजे मास्तरांचीच. वीट इथे वर, तर त्या रात्री दारात काय होतं?

त्याने ती काढून दारात ठेवली आणि कामाला लागला. उजव्या बाजूच्या खाचांतली घाण काढून रंग भरून होतोय तोच, पावणेदहाला, मालक आला. वीट बघून त्याचा चेहराच उतरला.

"ही कुणी काढली?"

"मी. मास्तर ठेवायचे."

"तो म्हातारा आणि त्याची वीट! धूळ येते आत, कळत नाही?"

लाथेने वीट बाहेर उडवली. साडूचा मोबाईल उचलला. "प्रदर्शनाआधी फोटो बाहेर जायला नकोत. सकाळी देतो." दार ओढून घेतलं आणि बाहेरून कुलूप. खट.

"मग ओरडायचं ना, काका!"

ओरडला की! तो काय मुका आहे? घसा फुटेपर्यंत ओरडला. मालक वरच्याच मजल्यावर राहायचा, टीव्ही लावून बसला होता. तासाभरात थिनरची वाफ डोक्यात चढली. साडू दाराला टेकून खाली बसला, आणि मग त्याला कळलं. मास्तर हार्टने गेले नव्हते. मास्तरांनीही हेच दार बडवलं होतं.

साडेअकरा झाले असतील.

सर्र...

कापड फिरल्याचा आवाज. थांबला. पुन्हा, सर्र... एकाच दिशेने. साडूने मान वळवली. गाडीपाशी कुणी नव्हतं. पट्टी मात्र पुसली जात होती. वीस मिनिटं कधीच उलटली होती, तो रंग आता निघायलाच नको होता. निघत होता.

मग बाहेर जमिनीवरून काहीतरी घासत आलं. कुलूप खाली पडलं. दार उघडलं... हातभर. मध्ये वीट.

साडू रांगत बाहेर पडला. रस्ता ओलांडून दिव्याच्या खांबाला टेकला. समोरच्या दुकानावरच्या घड्याळात बारा दहा. तेवढ्यात मालक चपला ओढत खाली आला.

"ए! दार कुणी उघडलं?"

वीट लाथाडली. आत गेला.

दार मिटलं.

कुलूप... जमिनीवरून वर आलं. कडीत बसलं. खट.

आधी शिव्या. मग दार बडवणं. बराच वेळ. मग मालकाचा आवाज, रडवेला.

"मास्तर... कुलूप मीच लावलं होतं. तुम्ही बडवत होता ते ऐकलं होतं... रंग खराब होईल म्हणून... मास्तर, उघडा हो..."

सर्र...

सर्र...

किल्ली मालकाच्याच खिशात होती. तरी साडू म्हणतो, दार फोडायला हवं होतं, पण पाय उठले नाहीत. अजून झोपेत रडतो तो. मी म्हणतो, तुझे पाय मास्तरांनी धरून ठेवले होते. आणि खरं सांगू? बरं झालं! माणूस कोंडून मारायचा आणि वर हार्ट अटॅक सांगत फिरायचं? कुणाला आवडो न आवडो, मी म्हणणारच. बरं झालं.

सकाळी पोलिसांनी दार तोडलं. मालक गाडीशेजारी पडलेला. उजवी पट्टी टोकापर्यंत पुरी, एक डाग नाही. डॉक्टर काय म्हणाले माहितीये? हार्ट अटॅक.

दाराबरोबर पडलेलं ते कुलूप साडूने उचललं. त्याची बायको घरात ठेवू देईना, म्हणून माझ्या कपाटात आलं. त्यावर काळ्या रंगाचा अंगठा उमटलाय. डावा. मधोमध आडवी चीर.

हा रंग एका रात्रीत वाळतो, पोरांनो. अकरा महिने झाले. आज तुम्ही यायच्या आधी मी ते काढून बोट लावून बघितलं.

हे बघा माझं बोट.