तेवीस आक्षेप

वॉरी शहरात, एफुरुन मार्गावरील शाळेच्या सभागृहात, स्क्रॅबल मंडळाच्या साप्ताहिक सामन्यांत उफुओमाने पटावर इंग्रजी अक्षरांच्या पाच सोंगट्या मांडल्या — क्यूने सुरू होणारा शब्द, कॅपिक. समोर बसलेला तरुण प्रथमच तेथे आला होता. मिसान त्याचे नाव. नदीकाठी तो होड्यांची इंजिने दुरुस्त करी, आणि त्याच्या धुतलेल्या सदऱ्यालाही डिझेलचा मंद गंध येई. बाहेर पत्र्यावर पाऊस कोसळत होता. त्याने पटाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले… आणि हात वर केला.

“चॅलेंज.”

आक्षेप आला की दोन्ही खेळाडूंनी उठावे, सभागृहाच्या टोकाला ठेवलेल्या संगणकापर्यंत एकत्र जावे, शब्द टंकावा आणि निर्णय पाहावा, असा मंडळाचा दंडक. वाटेत एक अक्षरही बोलायचे नाही. दोघे तसे गेले. पडदा हिरवा झाला. शब्द ग्राह्य होता. खोट्या आक्षेपाचे पाच गुण उफुओमाला मिळाले.

“म्हणजे काय गं ते?” सामना संपल्यावर त्याने विचारले.

“अझरबैजानचं नाणं.”

“तिथे गेली होतीस?”

“औषधांच्या दुकानातून घरी जायला वेळ पुरत नाही मला,” ती म्हणाली. “वाचलं. वाचून शब्द कळतात. करून बघ कधीतरी.”

तिच्या वहीत शब्दांची रचना लांबीनुसार व अक्षरांनुसार होती. पाच अक्षरांचे, क्यू असलेले परंतु यू नसलेले शब्द एका पानावर. प्रत्येकापुढे, देवापुढे फूल ठेवावे तितक्या निगुतीने, त्याचा अर्थ. इतर खेळाडू अर्थांच्या वाटेला जात नसत. तिला मात्र अर्थावाचून पाठ केलेला शब्द उधार आणलेल्या वस्त्रासारखा वाटे.

मिसान तिच्याजवळ बसून शिकू लागला.

“कोर्मा?”

“मसाल्यात शिजवलेलं मटण.”

“तलाक?”

“सोडचिठ्ठी. तुझी बायको हा शब्द सगळ्यात आधी पाठ करेल.”

“बायको व्हायला आधी कुणी सरळ बोलायला तर हवं माझ्याशी…”

“सरळच बोलतेय. वहीवरचा कोपर काढ.”

परंतु पटावर भेट झाली की त्याचा हात वर होई. फकीर मांडला, आक्षेप. नकाब मांडला, आक्षेप. सगळे शब्द निर्दोष, आणि उफुओमाच्या संतापाला पारावार नसे. एकदा तिने पायऱ्यांवर त्याला अडवले.

“फकीर तर मीच शिकवला तुला, मागच्या मंगळवारी. माझा एकही शब्द खरा वाटत नाही का रे तुला?”

“खात्री केलेली बरी,” तो म्हणाला, आणि तळलेल्या केळ्यांचा पुडा तिच्यापुढे धरला.

तिने रागातच तीन काप उचलले.

वर्ष सरले. राष्ट्रीय क्रीडामहोत्सवासाठी राज्याच्या संघात सहा जणांची निवड व्हायची होती. उफुओमा तीन वर्षे राखीव बाकावर बसत आली होती. ही सहावी जागा तिला श्वासासारखी हवी होती. प्रशिक्षक अंकल अताफो यांनी यादी वाचली. तिचे व मिसानचे विजय समसमान. एकूण गुणांत ती चाळिसांनी पुढे. जागा तिची.

तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात अंकलनी चष्मा काढला.

“पोरी, एक विचारू? मिसानने वर्षात तेवीस आक्षेप घेतले. सगळे तुझ्यावर. सगळे खोटे. तुम्हा दोघांत हे काय चाललंय?”

तेवीस. म्हणजे एकशे पंधरा गुण. चाळिसांची आघाडी कोठून आली, ते तिला त्या क्षणी उमगले, आणि हातातील कागद जड झाला.

मिसान नदीकाठी इंजिन उघडून बसला होता.

“का केलंस?”

त्याने पाना खाली ठेवला. “पटावर दोनच गोष्टी करता येतात. तुझ्यासमोर बसणं, आणि… तुझ्याबरोबर तेवढं चालणं. वीस पावलं जायची, वीस यायची. गुणांचं मी मनातच आणलं नाही.”

“तुझ्या मनात नाही आलं,” ती म्हणाली, “आणि माझी तीन वर्षांची मेहनत भीक ठरली. वेडा आहेस का तू? आता संघात बसले तर प्रत्येक डावात मला वाटेल, हे याने दिलंय.”

“उफुओमा…”

“एक सामना. उद्या. अंकलसमोर. जो जिंकेल, जागा त्याची. आणि मिसान, हात राखून खेळलास तर मला कळेल. मग या रस्त्यानेसुद्धा येणार नाही मी.”

अंकल अताफो मध्यस्थ झाले. कितीतरी वेळ सोंगट्यांच्या पिशवीची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मिसानचा हात एकदाही वर झाला नाही. तो ओठ घट्ट मिटून खेळला. तिने मोकळी केलेली प्रत्येक वाट त्याने बंद केली, तिच्या थकव्याची गय केली नाही. अखेरची सोंगटी पडली, तेव्हा तो नऊ गुणांनी पुढे होता.

अंकलनी तिच्याकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. त्यांनी यादीवरील तिचे नाव खोडून त्याचे लिहिले आणि ते बाहेर निघून गेले.

मिसान पटावरून पुढे वाकला. “ही जागा तूच…”

“पुन्हा म्हणालास तर पट उचलून डोक्यात घालीन.” तिने मनगटाने डोळे पुसले. तीन वर्षे हवी असलेली गोष्ट गेली होती. आणि तरीही, समोरच्या माणसाने आज प्रथमच तिला आपल्या बरोबरीची मानून आपले सर्व सामर्थ्य पणाला लावले, ही जाणीव तिच्या अंतःकरणात दिव्यासारखी स्थिर झाली होती. “चांगला खेळलास. चीड येते, इतका चांगला.”

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “फार. हे आधीच सांगायला हवं होतं.”

“हो, हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. वर्ष घालवलंस.”

“मग?”

“मग काय? जा, जिंकून ये. आलास की दुकानात ये. मी चिडलेलीच असेन.”

“किती दिवस?”

तिने सोंगट्या पिशवीत भरल्या, दोरी ओढून गाठ मारली, आणि पिशवी त्याच्या हातात दिली — पण आपली बोटे लगेच सोडवून घेतली नाहीत.

“तू किती दिवस येतोस, त्यावर आहे ते.”