स्टुलाखालची पावडर

सफाईवाल्या मावशींनी कॉपीच्या खोलीचं दार उघडलं. आधी त्यांना काळी फरशीच दिसली. काल संध्याकाळी ती पांढरी होती. मग त्या फरशीवर आडवे पडलेले अण्णा दिसले.

मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी बादली खाली ठेवली, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसल्या. पहारेकरी धावत वर आला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आत जाऊ नका. पाय उमटतील."

त्यामुळे पोलीस आले तेव्हा खोली जशीच्या तशी होती.

खोली लहान. एक खिडकी, एक टेबल, भिंतीला उंच फळी आणि मधोमध ते यंत्र. छपाई, कॉपी, स्कॅन, सगळं एकातच करणारं, माणसाच्या छातीइतकं उंच. अण्णा कित्येक वर्षं त्याच्याच सोबतीला होते. आत्ता यंत्राचं पोट उघडं होतं. त्यातला ड्रम काढून टेबलावर ठेवला होता, काळ्या कपड्यात नीट गुंडाळलेला. बाजूला मऊ ब्रश आणि कोरडं फडकं. यंत्राची वायर भिंतीतून काढलेली होती आणि तिचा प्लग यंत्राच्या झाकणावर, सहज नजरेला पडेल असा ठेवला होता.

अण्णा उताणे पडले होते. डोक्यामागे कागदाचा खालचा ड्रॉवर अर्धवट ओढलेला, त्याच्या पत्र्याच्या कोपऱ्यावर रक्त सुकलेलं. शेजारी टोनरचं फुटलेलं कार्ट्रिज. त्यातलीच काळी पावडर सगळीकडे पसरली होती. पायाशी, दाराच्या बाजूला, एक स्टूल कलंडलेलं. वर फळीवर नव्या कार्ट्रिजची खोकी ओळीनं.

"म्हातारा माणूस," व्यवस्थापक दारातूनच म्हणाले. "नवं कार्ट्रिज काढायला चढले, तोल गेला. दुसरं काय असणार? मॅडम, हे मशीन आज सुरू करता येईल का? वर कामं तुंबलीत."

"येईल," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आधी माणूस उचलू."

त्यांनी आधी माणूस नव्हे, स्टूल उचललं. दोन बोटांनी, अलगद. मग ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि हवालदाराला फोटो काढायला सांगितलं. स्टुलाखालची फरशीही काळीच होती. पावडरचा थर सलग होता. स्टुलाची वरची बाजू मात्र स्वच्छ.

मग त्या अण्णांच्या उजव्या हाताशी बसल्या. तर्जनीचं पुढचं पेर नव्हतं.

"जुनी गोष्ट आहे," मावशी जिन्यातूनच म्हणाल्या. "कागद कापायच्या यंत्रात गेलं. तेव्हापासून प्लग काढून डोळ्यासमोर ठेवल्याशिवाय कुठल्या यंत्राला हात लावायचे नाहीत."

तळहात काळा होता. हाताची मागची बाजूही काळी. बोटांच्या आतल्या भागावरची पावडर मात्र पुसली गेली होती, जणू त्या बोटांनी काहीतरी घट्ट धरलं होतं. खोलीत कुठेही, भिंतीवर, टेबलावर, फडक्यावर, चार बोटांचा ठसा नव्हता.

"काल अण्णा कसे होते?" निरीक्षकबाईंनी मावशींना विचारलं.

"खुशीत होते. म्हणाले, मावशी, लेकीची खोली झाडून घेतली, पडदे लावले. उद्या आणतोय तिला. मी म्हटलं, चार दिवस का? म्हणाले, कायमची." मावशींनी पदर डोळ्याला लावला. "जावई इथंच कामाला आहे. अण्णांनीच त्याला इथं चिकटवला."

खाली पहारेकरी आपली टोपी हातात फिरवत उभा होता.

"काल शेवटी कोण गेलं?"

"ऑफिस सुटलं तसे सगळे गेले. अण्णा वर साफसफाई करत होते. नंतर थोड्या वेळानं कडक साहेब उतरले."

"कडक?"

पहारेकरी ओशाळला. "हिशेब खात्यातले. अण्णांचे जावई. शर्टाची इस्त्री बघा त्यांच्या, बोट कापेल. म्हणून सगळे कडक म्हणतात. काल मात्र बाह्या कोपरापर्यंत दुमडून गेले. म्हटलं, उकाड्यानं यांनाही वाकवलं."

"अण्णा खाली आले नाहीत, तरी तू वर गेला नाहीस?"

"मागच्या दारानं जायचे कधीकधी. बसथांबा तिकडं आहे." तो टोपीकडे बघत म्हणाला, "जायला हवं होतं."

दुपारी यंत्राचा मेकॅनिक चौकीत हजर झाला. त्याची पिशवी कॉपीच्या खोलीत सापडली होती आणि आदल्या दिवशी त्याचा नि अण्णांचा आवाज चढलेला तीन टेबलांनी ऐकला होता. व्यवस्थापकांना अपघात नसेल तर मेकॅनिकच हवा होता.

"भांडण कशावरून?"

"ड्रमवरून. मागच्या खेपेला मी तो उजेडात उघडा ठेवला. मग कित्येक दिवस प्रत्येक कागदावर काळा पट्टा. तेव्हापासून मला हात लावू देत नव्हते. काल म्हणाले, पिशवी ठेव आणि घरी जा, संध्याकाळी माझं मी बघतो."

"संध्याकाळीच का?"

"दिवसभर यंत्र चालू असतं. आतला रोलर तापतो. तो गार झाल्याशिवाय अण्णा झाकण उघडायचेच नाहीत."

"म्हणजे दिवसा त्यांच्या हाताला पावडर लागायची नाही?"

"कशी लागेल? बंद असते ती आत."

"तुझ्या शर्टावर मात्र आहे."

"मॅडम, माझ्या शर्टावर आहे, जेवणाच्या डब्यावर आहे, नाकात आहे. आई म्हणते, तू शिंकलास की भिंतीला रंग द्यावा लागतो."

हवालदार हसला आणि मग हसायची वेळ नाही हे आठवून खोकला.

"कपड्यावरची जाते कशी?"

"झटकायची. नाहीतर गार पाणी. प्लास्टिकचा भुगा असतो तो. कागदावरही नुसता बसतो, फुंकर मारली तर उडेल. मग तापलेला रोलर त्याला वितळवतो आणि कागदात जिरवतो. त्यानंतर कुणाच्या बापाला निघत नाही."

निरीक्षकबाईंनी फुटलेल्या कार्ट्रिजचा फोटो पुढे केला. "हे नवं?"

"छे. नव्याला पट्टी असते, ती ओढून काढायची. याला पट्टी नाही आणि खोकंही दिसत नाही. हे यंत्रातूनच काढलेलं आहे, चालू वापरातलं."

मेकॅनिकला बाकावर बसवून ठेवलं.

जावयाचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार त्यानंच उघडलं. अंगात रंगीत, अर्ध्या बाहीचा शर्ट. खुर्च्या पुढे ओढल्या, पाणी आणायला सांगितलं.

अण्णांची लेक पाणी घेऊन आली. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाहीचं पोलकं. तांब्या डाव्या हातात. उजवा हात तिनं पदराआड धरला होता.

"काल तुम्ही उशिरा निघालात?"

"थोडं काम होतं," जावई म्हणाला. "माझं टेबल खालच्या मजल्यावर. कॉपीच्या खोलीत मी पाऊलही टाकलं नाही. अण्णा साफसफाई करत असले की कुणी गेलेलं त्यांना खपत नाही."

"दिवसभरात भेट?"

"नाही. काल तोंडही बघितलं नाही त्यांचं. आता हळहळ वाटते."

"या माहेरी जाणार होत्या म्हणे?"

"आता कुठलं माहेर, मॅडम? आई कधीच गेली, काल वडील. आता हिचं सगळं इथंच." तो बायकोकडे वळून म्हणाला, "हो ना?"

तिनं मान हलवली. भिंतीकडेला चौरंगावर घोंगडी घडी करून पसरलेली होती, तिच्यावर इस्त्री. बाजूला पांढऱ्या शर्टांची चळत, प्रत्येक कॉलर सारखी, प्रत्येक घडी सरळ.

"तुम्ही वडिलांच्या ऑफिसात कधी गेला होतात?" निरीक्षकबाईंनी तिला विचारलं.

"शाळेच्या सुट्टीत रोज," ती म्हणाली. "ड्रमवर काळा कपडा मीच घालायचे." मग इस्त्रीकडे बघत, "माझं मेलीचं लक्षच नसतं. काल रात्री यांचा शर्ट जळला माझ्या हातून. टाकून दिला. बाबा रागावले असते. गरम वस्तू जपून वापर, म्हणायचे."

"जाऊ दे ते आता," जावई म्हणाला.

जिना उतरताना निरीक्षकबाई मध्येच थांबल्या.

"हवालदार, ती चळत पाहिलीत? अशी इस्त्री करणारी बाई शर्ट जाळेल?"

"बाप गेला, मॅडम. हात थरथरला असेल."

"बाप गेल्याचं तिला आज सकाळी कळलं. शर्ट काल जळला."

हवालदार दोन पायऱ्या तसाच उतरला आणि मग थांबला.

दुसऱ्या दिवशी जावयाला जबाबावर सही करायला म्हणून कॉपीच्या खोलीत बोलावलं. व्यवस्थापक होते, मेकॅनिकही होता. फरशी अजून काळीच होती. निरीक्षकबाई जरा उशिरा आल्या, हातात कागदी पाकीट घेऊन.

"हा अपघात नाही," त्या म्हणाल्या. "अण्णा स्टुलावर चढलेच नव्हते. चढून पडले असते तर स्टूल आणि कार्ट्रिज एकदमच खाली आलं असतं. स्टुलाखालची फरशी कोरी राहिली असती आणि पावडर स्टुलावर पडली असती. झालंय उलटं. पावडर खाली बसली, मग कुणीतरी दारातूनच हात लांबवून तिच्यावर स्टूल आडवं ठेवलं, म्हणून पाय उमटले नाहीत."

"कार्ट्रिज काढायलाच चढले असतील ना?" व्यवस्थापक पुटपुटले.

"फुटलेलं कार्ट्रिज यंत्रातलं आहे. ते अण्णांच्या हातातच होतं. ते साफ करत होते, बदलत नव्हते. ज्यानं स्टूल ठेवलं त्याला दोन्हीतला फरक माहीत नव्हता. म्हणून हा मेकॅनिक नाही. त्याला अपघात रचायचा असता तर त्यानं नवं खोकं फोडलं असतं."

मेकॅनिकनं पहिल्यांदा श्वास सोडला.

"अण्णांचा डावा हात कार्ट्रिजवर होता. समोरच्या माणसानं ढकललं तेव्हा उजव्या हातानं त्यांनी त्याला धरलं. तोल सावरायला. बोटांवरची पावडर तिथं गेली. आणि तो माणूस ती अंगावर घेऊन गेला, बाह्या दुमडून."

जावई शांत होता. "मॅडम, उकाडा होता. बाह्या दुमडणं गुन्हा आहे का?"

निरीक्षकबाईंनी पाकिटातून पांढरा शर्ट काढला आणि टेबलावर पसरला. तो कुठेही जळलेला नव्हता. उजव्या बाहीवर, मनगटाच्या जरा वर, चार बोटं होती. छापल्यासारखी काळी. बाहीच्या दुसऱ्या बाजूला अंगठा. चारांतलं एक बोट तोकडं होतं.

मेकॅनिक पुढे वाकला. त्यानं एका डागावर फुंकर मारली, पण एक कणही उडाला नाही.

"बसलाय," तो म्हणाला. "पक्का बसलाय."

"हा... दुपारी धरला असेल त्यांनी हात," जावई म्हणाला. "बोलताना."

"काल तुम्ही म्हणालात, दिवसभर तोंडही बघितलं नाही. आणि दुपारी यंत्र चालू होतं. अण्णांचे हात काळे झाले ते यंत्र उघडल्यावर, ऑफिस सुटल्यावर."

जावयाची नजर शर्टावरून हलेना. "जळला म्हणाली ती," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला.

"तुम्ही तिला धुवायला सांगितला होतात. तिनं इस्त्री केली."

"म्हातारा म्हणाला, उद्या येतो तिला न्यायला." त्याचा आवाज अचानक चढला. "मला सांगतो. माझ्या बायकोला नेणार म्हणे. म्हणाला, तिचा हात मी बघितलाय, आता तुझा मुलाहिजा ठेवणार नाही. मी नुसता ढकलला. एवढंच. माझी बाही सोडेना तो."

"डॉक्टर म्हणतात, ते लगेच गेले नाहीत. तुम्ही स्टूल ठेवत होतात तेव्हा श्वास चालू होता."

हवालदारानं त्याच्या दंडाला धरलं.

दुपारी निरीक्षकबाई पुन्हा त्या दुसऱ्या मजल्यावर गेल्या. सकाळी त्या आल्या होत्या तेव्हा अण्णांच्या लेकीनं एक शब्दही न बोलता इस्त्रीखालची घोंगडी उलगडली होती आणि आतल्या घडीतून शर्ट काढून दिला होता. आता तिची पिशवी दाराशी भरलेली होती. मावशी आल्या होत्या, अण्णांच्या घरून त्यांचा एक धुतलेला शर्ट घेऊन. शेवटचा घालायला. लेक त्याला इस्त्री करत होती, डाव्या हातानं.

"त्यानं कबूल केलं," निरीक्षकबाई म्हणाल्या.

तिनं मान हलवली.

"एक विचारू? त्या संध्याकाळी तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. मग शर्ट धुतला का नाही?"

तिनं कॉलर उलटवली, दाबली, पुन्हा सरळ केली.

"यांनी शर्ट अंगावर फेकला. म्हणाले, आत्ता धू. मी बाही उलगडली, तर बोटं दिसली. पुसट होती. फुंकली असती तरी गेली असती." तिनं शर्टाची बाही पसरली. "त्या तोकड्या बोटाला धरून मी शाळेत जायचे, मॅडम. मला दुसरं कुणाचं वाटणार? बाबांना फोन लावला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावणार तर यांनी तो काढून घेतला, दाराला कडी लावली. तेव्हा माझ्या हातात एवढंच होतं."

"आणि रात्रभर?"

"रात्रभर वाटत होतं, उद्या बाबा आले की दाखवून हसू."

मावशींनी तोंड फिरवलं.

शर्टाची घडी झाली. तिनं इस्त्रीचा प्लग भिंतीतून काढला आणि चौरंगावर, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

"इस्त्री बरोबर घ्यायचीय," ती म्हणाली. "बाबांनी दिलेली आहे. गार व्हायला जरा वेळ लागेल."

"लागू दे," निरीक्षकबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.