पानाच्या तळचा एकटा शब्द

“कुंदन, धर! ते पान चाल्लं पाय बाभळीत!” मैना ओरडली.

कुंदननं झेप घेतली. पान वाचलं, पण चड्डीचा अर्धा पाय बाभळीनं ठेवून घेतला. बडनेऱ्याची वैशाखातली वावटळ म्हणजे काही साधीसुधी नव्हे! एकदा तिनं वाळत घातलेलं धोतर उचललं, ते थेट मोर्शीत एका नवरदेवाच्या डोक्यावर फेटा होऊन बसलं, असं सांगतात. आज तिनं केकीकाकांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ओट्यावर डाव साधला होता.

मैनानं हाती लागलेली पानं छातीशी धरली. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिची प्रियदर्शनीमावशी पुण्यात प्राचीन इराणी भाषा शिकत होती, आणि संध्याकाळच्या गाडीनं ती खास या पोथीसाठी येत होती. केकीकाकांच्या पणजोबांनी हातानं उतरवून घेतलेला अवेस्ता, पारशांचा धर्मग्रंथ! केकीकाका उद्या कायमचे मुंबईला लेकीकडे निघणार होते. जाण्याआधी पोथी मावशीच्या संस्थेला द्यायची, असं ठरलं होतं.

आता पोथी कुठली? नुसता पालापाचोळा!

“हिचा दोरा कुठे गेला?” केकीकाकांनी विचारलं.

जिनिंगचे चौकीदार खुशालराव मान खाजवू लागले. “मीच काढला जी. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बांधाले मजबूत दोरा पायजे होता. पण पानाले हात नाई लावला, देवाशपथ!”

पानांचे वरचे कोपरे वाळवीनं कधीच खाल्ले होते. पानांचे आकडे तिच्या पोटात!

“काका, तुमाले त वाचता येत असन ना?” कुंदननं विचारलं.

“नाय रे डिकरा. प्रार्थना मला तोंडपाठ. दस्तुरजींनी, आमच्या धर्मगुरूंनी, लहानपणी घोकून घेतल्या. पुढे पुस्तकं हाती आली ती गुजराती अक्षरांतली. ही जुनी अक्षरं मला मुंगळ्यांसारखी दिसतात.”

“मंग मावशी लावन पानं!”

“एका रात्रीत? यात एकच ओळ पन्नास जागी येते. उलटसुलट प्रार्थना मी कोणाला देणार नाय. उद्या मुंबईत समुद्राला देऊन टाकतो.” काका आत गेले. त्यांनी दारही लावलं नाही.

“चाल, घरी जाऊ,” कुंदन पुटपुटला. “आपल्याले काय समजते त्यातलं?”

मैना हलली नाही. ही वाणी शेकडो वर्षं कागदाशिवाय, नुसती तोंडातोंडी चालत आली, असं मावशी सांगायची. मग एकही उच्चार बिघडू नये म्हणून लोकांनी तिच्यासाठी मुद्दाम नवी अक्षरं घडवली. इतक्या जपणाऱ्या माणसांनी नुसत्या दोऱ्याच्या भरवशावर पानं सोडली असतील?

तिनं हात धुतले, पानं पसरली आणि वावटळ परत फिरकू नये म्हणून एकेकावर कैरी ठेवली. अक्षरं उजवीकडून डावीकडे धावत होती. पण प्रत्येक पान उलटलं, की मागच्या बाजूला तळाशी, डाव्या कोपऱ्यात, ओळी संपल्यावरही एक शब्द एकटाच उभा!

“कुंदन! हा खालचा शब्द पाय, अन् त्या पानाचा पयला शब्द पाय!”

“अय्यो! सेम टू सेम!”

“अंताक्षरी! याचा शेवट, त्याची सुरुवात!”

मग काय विचारता! एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण पानं पटापट एकमेकांचे हात धरू लागली. मध्येच दोन पानं एकाच शब्दावर हक्क सांगायला लागली. तेव्हा मैनानं पानं उन्हाकडे धरून वाळवीची भोकं जुळवली. वाळवी काही पानं चाळत बसत नाही, ती सरळ आरपार जाते!

शेवटी एक शब्द उरला. त्याला जोडीदारच नाही.

“पान हरवलं,” मैना हळूच म्हणाली.

“मले काहून पायता?” खुशालराव तडकले. “सांगतलं ना, दोराच नेला!”

मैना विचारात पडली. दोरा जिथं गेला तिथंच पान गेलं असेल तर? ती कुंदनच्या कानात काहीतरी बोलली. दोघं खुशालरावांच्या खोलीमागं गेले. खिडकीत कूलर घरघरत होता.

“खुशालकाका!” कुंदन ओरडला. “तुमची गार हवा त बाहीर चाल्ली! आमीच गारठून राहिलो इथं!”

“आँ? आत्ताच त फट बुजवली मी!” खुशालराव तणतणत आले आणि कूलरशेजारचा पुठ्ठ्याचा गत्ता त्यांनी उपटला. गत्त्यामागून घडी घातलेलं जाड, पिवळं पान खाली पडलं.

“हा कागद... खाली पडून होता,” ते चाचरले. “मले वाटलं, रद्दी हाये.”

“म्हणजे देवाची शपथ फक्त दोऱ्यापुरती होती जी?” मैनानं विचारलं. खुशालरावांनी पान बाहीनं पुसून तिच्या हातात दिलं.

मावशी आली तेव्हा पोथी ओळीनं मांडलेली होती. तिनं तळचे शब्द पाहिले आणि मैनाला जवळ ओढलं. “पोरी, जुने लेखनिक हा शब्द याचसाठी लिहून ठेवायचे! हे मला वर्गात शिकावं लागलं. तू ओट्यावर बसून शोधलंस!”

केकीकाकांनी बाहेर येऊन प्रार्थनेची टोपी घातली. “तू बोट फिरव,” ते मावशीला म्हणाले, “मी म्हणतो.”

काकांचा आवाज आणि मावशीचं बोट बरोबर चालू लागलं. कूलरमागचं चुरगळलेलं पान आलं. आवाज अडला नाही, बोटही थांबलं नाही. खुशालरावांनीसुद्धा डोक्यावर रुमाल टाकला होता.

प्रार्थना संपली. काकांनी पोथी मावशीच्या ओंजळीत ठेवली. “घेऊन जा. ही समुद्राची नाय. शाबास, पोरांनो!” मग ते मैनाकडे वळले. “डिकरी, तो तळचा एकटा शब्द मला दाखव.”

मैनानं त्यांचं बोट हळूच त्या शब्दावर ठेवलं. मावशीनं तो उच्चारला. जन्मभर जिभेवर असलेला तो शब्द केकीकाका पहिल्यांदाच डोळे भरून पाहत होते.